हान्स सेल, रोस्टॉक: शिडाची मोठी जहाजं पाण्यावरून टिपायची तर

खारा वारा

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवार-रविवारला धरून उत्तर जर्मनीत रोस्टॉकला हान्स सेल भरतं. शिडाच्या जहाजांची ही १९९१ पासूनची जत्रा आहे. तिचे फोटो मात्र बहुतेक एकाच साच्याचे दिसतात: धक्क्याला बांधलेली जहाजं, उघड्या डोलकाठ्या आणि खाली खाण्याचे ठेले. शिडं भरलेलं जहाज हवं असेल तर समुद्रात जायला हवं. तिथे भारी लेन्सपेक्षा आपली होडी कुठे उभी आहे याला जास्त किंमत आहे.

आधी जागा समजून घेऊ. रोस्टॉकचं शहर-बंदर आत वार्नो नदीवर आहे, समुद्र लागतो वार्नेम्युंडला. नदीतून जहाजं इंजिनवर येतात, शिडं गुंडाळलेलीच असतात. वार्नेम्युंडच्या दोन बंधाऱ्यांमधून बाहेर पडल्यावर माणसं वर चढतात आणि शिडं सुटायला लागतात. शिकाऊ हात असले तर या कामाला अर्धा तास सहज जातो. म्हणजे पूर्ण शिडातलं जहाज किनाऱ्यापासून दोन-चार सागरी मैलांवर भेटणार. बंधाऱ्यावरून ४०० मिमी लावली तरी ते धुरकट आणि चपटं दिसतं.

बोलायचे मुद्दे: होडीची जागा, प्रकाश, अंतर, एक्स्पोजर आणि नंतरची कामं. ज्याला जे माहीत असेल ते सविस्तर लिहा. ‘मस्त विषय’ एवढ्यावर सुटका नाही.

नाखवा

होडीच्या जागेपासून सुरुवात करतो, कारण तिथे चुकलं तर पुढचं सगळं वाया.

चौकोनी शिडं यार्डांना, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या काठ्यांना टांगलेली असतात आणि वाऱ्याच्या दिशेप्रमाणे यार्ड फिरवले जातात. वारा आडवा असेल तेव्हा शिडाचं पोट पुढे आणि वाऱ्याआडच्या, म्हणजे वारा ज्या दिशेला जातो त्या, बाजूला फुगतं. म्हणून सर्वात भरदार चित्र मिळतं ते वाऱ्याआडून, नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनातून. त्या बाजूला जहाज किंचित कललेलं असतं, त्यामुळे डेकही दिसतो. नाळेपुढची तिकोनी शिडं एकामागे एक सुटी दिसतात.

याच्या उलट, वाऱ्याकडच्या बाजूने नाळेसमोर गेलात तर शिडांच्या नुसत्या कडा दिसतात. जहाज जितकं वाऱ्याच्या जवळून चालेल तितकं हे वाईट होत जातं. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या ६०-७० अंशांपेक्षा जवळ चालत नाही, पण तेवढ्यातही कोरं, पातळ दिसायला लागतं. वाऱ्याकडून पिछाडीला गेलात तर शिडांची आतली, खोलगट बाजू येते. ते चित्र वाईट नाही. सूर्य पलीकडे असेल तर शिडं उजळतात आणि दोरांच्या सावल्या कापडावर उमटतात. पण ते दुसरं चित्र झालं.

आता हेच वार्नेम्युंडला लावून बघा. तिथे वारा बऱ्याचदा पश्चिमेकडचा. सकाळी जहाज उत्तरेला निघालं, म्हणजे वारा डाव्या बाजूने येणार आणि वाऱ्याआडची बाजू पूर्व. ऑगस्टमध्ये सकाळी दहाला सूर्य आग्नेयेच्या जरा पूर्वेला, ३५ अंशांच्या आसपास वर असतो. होडी जहाजाच्या ईशान्येला ठेवली तर भरलेली शिडं मिळतात आणि ऊनही बाजूने, समोरच्या अंगाला पडतं. संध्याकाळी पाचला जहाज दक्षिणेकडे परततं तेव्हा वारा तोच, वाऱ्याआडची बाजू तीच, पण सूर्य पश्चिमेला गेलेला. आता पूर्वेकडून शिडं पाठीमागून उजळलेली मिळतील. समोरून ऊन हवं असेल तर पश्चिमेला जा आणि खोलगट बाजू पत्करा. दोन्ही एकदम मिळत नाही.

वारा बदलला की हे गणित नव्याने मांडायचं. उन्हाळ्यात दुपारी कधी कधी समुद्रावरून उत्तरेचा वारा उठतो, तेव्हा सगळंच फिरतं. निघण्यापूर्वी कागदावर तीन बाण काढा: वारा, सूर्य, जहाजाची दिशा. कप्तानाशी बोलताना तोच कागद दाखवा.

मुक्ता

नाखवांच्या प्रतिसादाला अंतराची जोड देते.

फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. चौकटीत जेवढे मीटर हवेत त्यांना लेन्सच्या मिमीने गुणायचं आणि ३६ ने भागायचं, की अंतर मीटरमध्ये मिळतं. ‘स्टाट्सराड लेमकुल’ हे १९१४ चं नॉर्वेचं जहाज सुमारे ९८ मीटर लांब आहे. पुढेमागे थोडं पाणी सोडून १३० मीटरची चौकट धरली, तर १०० मिमीला ३६० मीटर, २०० मिमीला ७२० मीटर, ५० मिमीला १८० मीटर. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर अंतर दीडपट.

मोठ्या जहाजाला मी म्हणेन ७०-२०० पुरे, आणि २५० ते ४०० मीटरचा पट्टा सर्वात चांगला. १५० मीटरच्या आत गेलात की पाण्याच्या पातळीवरून बघताना नाळ अंगावर येते, मागची डोलकाठी बारीक होते आणि वरची शिडं आखडतात. ७०० मीटरच्या पुढे दुपारी पाण्यावरची गरम हवा थरथरते. तो मऊपणा लेन्सचा दोष समजून लोक विनाकारण फोकसशी झगडत बसतात.

फोकसची खोली ही इथे अडचणच नाही. २०० मिमीला एफ ८ वर हायपरफोकल अंतर, म्हणजे जिथे नेम धरला की क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं ते अंतर, १६५ मीटरच्या आसपास येतं. ३०० मीटरवर नेम धरला तर १०० मीटरच्या थोडं पुढून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. तेव्हा एफ ११-१६ ला जाऊ नका, त्यापेक्षा शटर वाढवा.

वेळेचंही गणित आहे. सहा नॉट म्हणजे सेकंदाला तीन मीटर. तुम्ही जहाजाच्या वाटेपासून २५० मीटर बाजूला असाल, तर नाळेचा ४५ अंशांचा कोन सुरू झाल्यापासून जहाज अगदी समोर यायला ८० सेकंद लागतात. एवढाच वेळ हातात असतो. तेव्हा आडवी-उभी चौकट, मेमरी कार्ड वगैरे आधी उरकून घ्या.

हॅम्बुर्गकर

स्थानिक माहिती.

जत्रा गुरुवार ते रविवार. पाहुण्यांना घेऊन जहाजं सकाळी बाहेर पडतात, दुपारी उशिरा परततात, काही पुन्हा संध्याकाळची फेरी करतात. ज्या जहाजाचा फोटो हवा त्याच जहाजाचं तिकीट काढू नका. त्यावरून शिडं खालून दिसतील, जहाज दिसणार नाही.

पाण्यावर जायचे दोन मार्ग. एक, प्रवासी बोटींच्या सोबत-फेऱ्या. स्वस्त, पण बोट कुठे जाणार ते तुमच्या हातात नाही आणि सगळी गर्दी एकाच कठड्याला लोटते. वरच्या डेकवरून क्षितिज जहाजाच्या मध्यावरून जातं आणि जहाज बुटकं दिसतं. खालच्या डेकचा पुढचा भाग धरा. दुसरा, चार-पाच जणांत मिळून ८-१० मीटरची मोटरबोट कप्तानासकट घेणं. तिला १२ नॉटच्या वर वेग हवा, नाहीतर जहाजाच्या पुढे जाताच येत नाही. रबरी वेगवान बोट टाळा. बाल्टिकच्या लाटा आखूड आणि उभ्या असतात, ती आपटते आणि कॅमेरे भिजतात.

रीत अशी: वळसा घालून पुढे जायचं, अर्धा सागरी मैल पुढे वाऱ्याआडच्या बाजूला थांबायचं आणि जहाजाला येऊ द्यायचं. पाठलाग करून फोटो घेतले तर पिछाडी आणि स्वतःच्या बोटीचा फेस एवढंच मिळतं.

नियम सगळ्यांनी वाचावेत. इंजिनच्या बोटीने शिडावर चालणाऱ्या जहाजाला वाट द्यायची असते. शिडं वर आहेत पण इंजिनही चालू आहे, अशा जहाजाने नाळेकडे टोक खाली केलेला काळा शंकू टांगायचा असतो. तो दिसला तर नियमानं ते इंजिनचं जहाज, पण तुम्ही तरी दूरच राहा. पुढच्या शिडांमुळे सुकाणूवरच्या माणसाला नाळेसमोरचं पाणी नीट दिसत नाही. शिवाय शिडाचं जहाज चालताना वाऱ्याआड थोडं सरकत येतं, म्हणजे तुमच्याच दिशेनं. २०० मीटरच्या आत थांबू नका. बंधाऱ्यांबाहेर खणलेला जलमार्ग आहे. आत येताना डावीकडे लाल बोया, उजवीकडे हिरवा. त्या दोन रांगांमध्ये रेंगाळायचं नाही. गेडसर (डेन्मार्क) आणि ट्रेलेबोर्गच्या (स्वीडन) फेरी तिथूनच जातात आणि जलपोलीस हाकलतात ते वेगळं.

पार्श्वभूमी: दक्षिणेला बघितलं तर १९७१ चं नेपच्यून हॉटेल उभं दिसतं, शेजारी क्रूझची मोठी जहाजं. जुन्या काळाचा भास हवा असेल तर तुम्ही जहाजाच्या दक्षिणेला राहून उत्तरेकडे बघा. क्षितिज मोकळं आणि दुपारी एकच्या सुमारास ऊन पाठीशी. तिथली खरी दुपार घड्याळात सव्वा वाजता होते, हे भारतातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

बोटीवर जायचंच नसेल तर पश्चिमेचा बंधारा दुपारी चारनंतर, सूर्य पाठीमागे आल्यावर. सकाळी तिथून सगळं उजेडाविरुद्ध. सकाळसाठी फेरीने पलीकडे होहे ड्यूनेच्या बाजूला जा. फक्त जहाजं इंजिनवर असतील हे धरून चला.

आणखी एक. ‘क्रुझेनश्टर्न’ आणि ‘सेदोव’ शोधत येऊ नका. २०२२ पासून रशियन झेंड्याच्या जहाजांना युरोपीय संघाच्या बंदरांत प्रवेश नाही. जुन्या फोटोंमध्ये ती दिसतात म्हणून लोक विचारत राहतात.

ॲपर्चर आठ

एक्स्पोजर.

सर्रास सांगितलं जातं की शीड पांढरं, म्हणून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवा. अर्धवट खरं आहे. चौकटीत बहुतांश गडद समुद्र आणि काळं जहाज असेल, तर कॅमेरा आपणहून जास्तच उजेड घेतो. त्यात आणखी एक स्टॉप वाढवला की शिडावरच्या शिवणी उडाल्या. समोरून ऊन असताना शून्य ते उणे दोन-तृतीयांश, आणि झेब्रा किंवा हायलाइट इशारा (कुठला भाग उजेडाने उडतोय ते दाखवणारा) चालू. शिडं मागून उजळलेली असतील तर अधिक एक ते दीड. आकाश पांढरं पडलं तरी चालेल, कापडाचा पोत राहिला पाहिजे. त्याहून सोपं म्हणजे मॅन्युअल: उन्हातल्या शिडावर एकदा मोजा आणि ढग येईपर्यंत हात लावू नका. जहाज वळलं की चौकटीतलं काळं-पांढरं प्रमाण बदलतं आणि ऑटो दर फोटोला वेगळं काहीतरी ठरवतो.

शटर २०० मिमीला १/१०००, ४०० मिमीला १/१६००. जहाज संथ असतं, हलते ती आपली बोट. एफ ८, आयएसओ २०० ते ४००. व्हाइट बॅलन्स ५२००-५५०० केल्विनला बांधून टाका, नाहीतर निळं पाणी वाढलं की शिडं पिवळी पडतात. रॉ घ्या.

फोकस सतत चालणारा, पण विषय ओळखणाऱ्या यंत्रणेवर फार विसंबू नका. ती झेंड्याला किंवा मध्ये आलेल्या समुद्रपक्ष्याला धरून बसते. छोटा चौकोन, पुढच्या डोलकाठीच्या बुंध्याशी, जिथे दोरांची जाळी जहाजाच्या कठड्याला मिळते. तिथे कॉन्ट्रास्ट भरपूर असतो.

आणि मेकॅनिकल शटर. सेन्सर सावकाश वाचणाऱ्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर ठेवलं आणि त्याच क्षणी बोट झुलली, तर सरळ डोलकाठ्या तिरक्या किंवा नागमोडी येतात. छोट्या पडद्यावर हे कळत नाही.

सुकाणू

मागच्या प्रतिसादाशी सहमत, दोन गोष्टींची भर.

कॅमेरा किंवा कोपर बोटीच्या कठड्यावर टेकवू नका. इंजिनाची थरथर थेट लेन्समध्ये येते. पाय फाकवून, गुडघे सैल, पाठ केबिनलाही टेकवायची नाही. ट्रायपॉडचा प्रश्नच नाही. स्टॅबिलायझर मात्र चालू असावा. १/१००० ला त्याची गरज नसते असं म्हणतात, पण व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर राहतं म्हणून चौकट नीट बसते. मला तो फायदा मोठा वाटतो.

पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावू नये असं माझं मत. दीड-दोन स्टॉप जातात, रुंद लेन्सला आकाशात गडद पट्टा पडतो आणि पाण्यावरची चमक मेली की समुद्र रंगवलेल्या पत्र्यासारखा दिसतो.

नाखवा

@सुकाणू, पोलरायझरबद्दल थोडा मतभेद. सकाळी बाजूच्या उन्हात, १०० मिमीच्या पुढे, अर्धवट फिरवून लावला तर ओल्या जहाजाच्या अंगावरची पांढरी झळाळी जाते आणि रंगकामाचा खरा रंग येतो. ‘अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट २’ ची हिरवी शिडं आणि हिरवं अंग असंच चांगलं दिसतं. उजेडाविरुद्ध मात्र काढून ठेवावा, तिथे चमकच हवी असते.

आणखी एक, जहाजाची वाट बघताना बोट न्यूट्रलमध्ये ठेवू नका: इंजिन पूर्ण सोडलं की बोट लाटेला आडवी होते आणि जोरात डोलते. कप्तानाला सांगा, नाळ लाटेत धरून नुसती पुढे रेटत ठेवा, दोन नॉट पुरे.

वारा किती हवा, हे कोणी लिहिलं नाही. बोफर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप) ३ ते ५ उत्तम. ४ म्हणजे ११ ते १६ नॉट. २ च्या खाली शिडं लोंबतात, जाऊ नका. ६ च्या वर सर्वात वरची शिडं उतरवतात, जहाज टक्कल पडल्यागत दिसतं, आणि तुमच्या छोट्या बोटीतून धड उभंही राहता येत नाही.

मुक्ता

नंतरच्या कामाबद्दल, कारण चांगला फोटो इथे बिघडवलेला बराच दिसतो.

१३० मीटरची चौकट २४ मेगापिक्सेलच्या ६००० पिक्सेलमध्ये भागली तर एका पिक्सेलला सुमारे २२ मिलिमीटर येतात. बरेचसे दोर तेवढ्याच जाडीचे असतात. म्हणजे दोर हा एका पिक्सेलचा मामला आहे. शार्पनिंगची त्रिज्या १.० च्या वर गेली की प्रत्येक दोराला पांढरी किनार येते, म्हणून ०.५ ते ०.७. नॉइज रिडक्शन वाढवलं की दोर जागोजागी तुटतात. ते फक्त आकाशाला मास्क करून द्या, दोरांचा भाग वगळून. आयएसओ कमी ठेवायचं खरं कारण हेच. वेबसाठी लहान करताना दोर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसले, तर लहान केल्यानंतरचं शार्पनिंग बंद करून बघा. उजळ आकाशासमोर यार्डांच्या टोकांना जांभळी-हिरवी किनार येते, ती डीफ्रिंजने काढा.

सरळ करायचं ते क्षितिज, डोलकाठ्या नाही. त्या मुळातच किंचित मागे कललेल्या असतात आणि वाऱ्यात जहाजही कलतं. त्यांना उभ्या रेषेत आणायला गेलात तर समुद्र उताराला लागतो. झुलत्या बोटीवरून क्षितिज तीन-चार अंश तिरकं येणारच, म्हणून टिपतानाच चारही बाजूंना दहावा हिस्सा मोकळा सोडा. विशेषतः नाळेपुढची तिरपी काठी. सर्वात जास्त कापली जाते ती तीच.

दर्याकाठ

सगळं वाचलं, उपयुक्त आहे. हेच मुंबईत किंवा कोचीत कसं लागू होईल? २०२४ च्या अखेरीस इटलीचं १९३१ चं ‘आमेरिगो वेस्पुची’ मुंबईत येऊन गेलं, तेव्हाही बहुतेक फोटो धक्क्यावरचेच होते.

नाखवा

मुंबई बंदराचं पाणी शहराच्या पूर्वेला. गेटवेवरून बघाल तर सकाळी उजेड समोरून, दुपारी तीननंतर ऊन पाठीशी. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून, ईशान्येकडचा, आणि दुपारी वायव्येकडून समुद्राचा. पण बंदरात मोठं जहाज शिडावर चालत नाही, टग आणि पायलट घेऊन इंजिनवर येतं. मांडव्याच्या लाँचवरून फार तर उघड्या डोलकाठ्या आणि मागे शहर. धुरकं इतकं असतं की ४०० मीटरच्या पुढचं राखाडी. पावसाळ्यात ही लाँच बंदच.

आपली ‘तरंगिणी’ (१९९७) आणि ‘सुदर्शिनी’ (२०१२) दोन्ही गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली, तीन डोलकाठ्यांची, पुढच्या दोन चौकोनी शिडांच्या. ‘तरंगिणी’ ५४ मीटर लांब. ७५ मीटरची चौकट धरली तर १०० मिमीला २१० मीटर. पण ही नौदलाची जहाजं आहेत. नौदल तळाजवळ फोटोवर बंधनं असतात, ड्रोनचा विचारही नको. सार्वजनिक जागेवरून किंवा नौदलानं लोकांसाठी जहाज खुलं केलं असेल तेव्हाच.

हॅम्बुर्गकर

मुंबईचं जुनं जहाज हवंच असेल तर ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. ‘ट्रिंकोमाली’, १८१७, मुंबईत वाडियांच्या गोदीत सागवानात बांधलेलं. शिडावर जात नाही, गोदीत तरंगतं. तिथे या धाग्यातलं वाऱ्याचं गणित लागू नाही. वारा पडलेला असताना जा, म्हणजे पाण्यात प्रतिबिंब मिळतं. २४-७० पुरे.

खारा वारा

सर्वांचे आभार. खाऱ्या पाण्याचं राहिलं, ते लिहून टाकतो. लेन्सवर तुषार पडले तर कोरड्या कापडाने पुसू नका, सुकलेलं मीठ काचेवर ओरखडे काढतं. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं कापड, मग कोरडं. पुढे साधा यूव्ही फिल्टर ठेवा, तो खराब झाला तर फेकता येतो. बोटीवर लेन्स बदलू नका. शक्य असेल तर दोन बॉडी, एकीला २४-७०, दुसरीला ७०-२०० किंवा १००-४००, आणि दोन्हींची घड्याळं आधी जुळवून घ्या.

दर्याकाठ

बोट लागण्यावर काय?

मुक्ता

गोळी बोट सुटायच्या तासभर आधी, मळमळ सुरू झाल्यावर नाही. ॲव्होमिनने झोप येते, तेव्हा आधी घरी घेऊन बघा आणि इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. सर्वात जास्त त्रास व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसल्याने आणि पडद्यावर फोटो बघत राहिल्याने होतो. दोन जहाजांच्या मधल्या वेळात क्षितिजाकडे बघा. फोटो किनाऱ्यावर आल्यावर चाळा.